नातीची कायद्याची परीक्षा आणि माझा निवाडा

आमच्या नातीला वकिलीच्या कॉलेजात जागा मिळाली तेव्हा गावात तिघा-चौघांनी तिचं श्रेय वाटून घेतलं. शेजारच्या कट्टा गावातल्या क्लासवाल्याने दारावर तिचा फोटो लावला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मी तेव्हाच ओळखलं होतं. माझं नाव कोणी घेतलं नाही. घ्यायलाही नको होतं, कारण तिच्या अभ्यासाचं नुकसान केलं ते मीच. पण ते कसं केलं आणि पुढे काय झालं, हे मी स्वतः लिहून ठेवतो. दुसऱ्याने लिहिलं तर चुकीचं लिहील.

मी चौथी पास. पाचवीत नाव होतं, पण पाऊस संपून रापण सुरू झाली आणि मला पाटीपेक्षा दोर बरा वाटला. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आता तर नाहीच नाही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर वाळूत उभं राहून सगळ्यांनी ओढायचे. मासे आले की वाटे आले, आणि वाटे आले की भांडणं आली. तीस वर्षं त्या भांडणांचा निवाडा मी केला. आमचा नियम बापजाद्यांपासूनचा. जाळ्याचं पोट वाळूला लागण्याआधी ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा. त्याला बोलावलेलं असो नसो. हात म्हातारीचा असो की मुंबईहून आलेल्या पाहुण्याचा असो. हात लागला, वाटा द्या, घरी जा. कागद नाही, शिक्का नाही.

एकदा जाळी सुकवायच्या जागेवरून तंटा झाला, तो कोर्टात गेला. मी साक्षीला उभा. काळ्या कोटातल्या एका पोरगेल्या वकिलाने मला विचारलं, “आजोबा, ही तुमची रूढी म्हणता, तिला पुरावा काय?” मी म्हटलं, “मी.” तो हसला. जज्जसाहेबही हसले असतील, मी तिकडे बघितलं नाही. तेव्हापासून समोरून काळा कोट आला तर मी रस्ता बदलत नाही. त्याला बदलायला लावतो.

त्यामुळे बारावीतल्या नातीने जेवताना सांगितलं की मला कायदा शिकायचाय, तर पहिला नकार माझा असायला हवा होता. पण माझा मुलगा आधी बोलला. घोटाळा तिथे झाला.

“ता आमच्यासारख्यांचा काम नाय,” तो म्हणाला.

मी घास खाली ठेवला. “आमच्यासारखे म्हणजे कसे रे?”

“म्हणजे असेच, बाबानू.”

“असे म्हणजे कसे, ता सांग.”

“आधी जेवा दोघांनी,” सून म्हणाली. “निवता सगळा.”

मुलगा माझा वाईट नाही. पर्यटकांना बोटीने फिरवतो, दिवसभर उन्हात असतो, घरी आल्यावर त्याला वाद नको असतो. त्याने वाद तोडून टाकला. नातीला म्हणाला, “एकदा बस परीक्षेक. जागा गावली तर जा, माझी ना नाय. नाय गावली तर गोव्यात मावशीकडे जावचा आणि हॉटेलच्या ऑफिसात काम बघूचा. मगे दुसऱ्या वर्षाची गोष्ट काढूची नाय.”

ती म्हणाली, “बरा.”

म्हणजे संधी एकच. आणि मी, वकील नावाच्या जातीला पाण्यात बघणारा माणूस, त्या एका शब्दापायी तिच्या बाजूला जाऊन बसलो. आमच्यासारखे म्हणे.

परीक्षेत इंग्रजी होतं, जगातल्या बातम्या होत्या, डोकं खाणारी कोडी होती. त्यात माझा काही उपयोग नव्हता. पण कायद्याचे प्रश्न ती मराठीतून वाचायची आणि मोठ्याने वाचायची. कॉलेजातून आली की संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात बसायची, हातात मोबाईल. मी तिथेच बसून जाळ्याची भोकं सांधायचो. आता ओढायला जात नाही, पण सांधतो. प्रश्नाची ठेवण अशी असते की वर एक तत्त्व दिलेलं असतं, खाली वस्तुस्थिती म्हणजे घडलेली गोष्ट, आणि शेवटी निकाल विचारतात. निकाल म्हटल्यावर माझी सुई थांबणारच.

ती वाचत होती. “तत्त्व. न सांगता आपणहून केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. वस्तुस्थिती. ‘क’ परगावी असताना वादळात त्याच्या घराची कौले उडाली. शेजारी ‘ख’ याने ती आपणहून बसवली. ‘ख’ ला मोबदला मिळेल का?”

“मिळतलो,” मी म्हटलं. “दोराक हात लागलो ना तेचो?”

“हय दोर नाय, आजोबा. कौलां आसत.”

“कौलां काय नि दोर काय. ‘क’ परत इलो तो कोरड्या घरात झोपलो की नाय? मगे?”

“उत्तर दिलाहा, नाही.”

“कोणी दिला ता?”

“पुस्तकवाल्यान.”

“तेच्या घराक कौलां नसतली. स्लॅब असतलो.”

ती हसली. पण मी बघितलं, बोट तिचं माझ्याच उत्तरावर होतं. का नसणार? लहानपणी ती स्वतः दोराला दोन बोटं लावून बांगडे घेऊन घरी आलेली पोर.

दुसऱ्या दिवशी अजून मोठा प्रश्न आला. दुसऱ्याच्या आवारात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा, हेतू काहीही असो. एका बाईच्या गवताच्या उडवीला आग लागली, ती शेजाऱ्याच्या विहिरीवर कळशी घेऊन धावली, शेजारी घरी नव्हता. पुस्तक म्हणतं, बाई दोषी. मी म्हटलं, उडवी जळत असलेल्या बाईला गुन्हेगार म्हणणारं पुस्तक मी या घरात ठेवून घेणार नाही. ते मोबाईलमध्ये होतं म्हणून फेकता आलं नाही.

असं दोन-अडीच महिने चाललं. ती वाचायची, मी निवाडा द्यायचो, पुस्तकवाला हरायचा. आम्ही दोघं खूश होतो.

दर रविवारी ती कट्ट्याला जायची. तिथे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सराव परीक्षा घ्यायचे. एका रविवारी क्लासच्या सरांचा फोन मुलाला आला. मुलाच्या हाताला इंजिनचं तेल होतं, म्हणून त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि सगळ्या घराने ऐकला.

“बाकी सगळं उत्तम आहे तिचं,” सर म्हणाले. “कायद्याच्या प्रश्नांत मात्र मागे मागे चाललीय. तत्त्व काहीही असो, ही दर वेळी अडलेल्या माणसाच्या बाजूने उत्तर देते. घरी कोणी शिकवतं का तिला?”

मुलाने माझ्याकडे बघितलं. मग फोन ठेवला.

“बाबानू, तुमी तिच्या अभ्यासात तोंड घालू नकात.”

“मी तोंड घालत नाय. ती वाचता, मी सांगतंय.”

“तुमच्या सांगण्यान ती गोव्याक जातली,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्याने आवाज चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता. पण तो हळू बोलला. मी नातीकडे बघितलं तर ती नखाने पाटाचा रंग खरवडत होती. तिने एवढंसुद्धा म्हटलं नाही की आजोबांचं काही चुकलं नाही.

आठ दिवस मी बोललो नाही. ती आत बसून मनातल्या मनात वाचायची. मी खळ्यात एकच भोक तीनदा सांधलं. माझा निवाडा चुकला होता असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्याने कौलं बसवली त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. पण निवाडा बरोबर आणि पोर गोव्याला, हे गणित मला सुटेना.

सुटलं ते किनाऱ्यावर. एका सकाळी रापणीत भांडण लागलं आणि मला बोलावणं आलं. अजून बोलावतात, न बोलावून जातात कुठे. दोघं माणसं समोरासमोर. एक म्हणतो, याचा हात पोट वाळूला लागल्यावर पडला, याला वाटा नाही. दुसरा म्हणतो, आधी पडला. एवढं बघायचं होतं. पण पहिला सुरू झाला की गेल्या वर्षी यानेच माझी होडी सोडली, याच्या बापाने आमच्या माडाचे नारळ नेले. मी नेहमी ओरडतो तसा ओरडलो, “आजच्या जाळ्याचा बोल.”

हा नियम माझा स्वतःचा. बापजाद्यांचा नाही, मी घातलेला. निवाड्याला बसलं की आजच्या जाळ्याबाहेरचं काही काढायचं नाही. दुसरा माणूस गरीब आहे, आजारी आहे, लबाड आहे, काही नाही. हात आधी लागला की नंतर, एवढंच. हा नियम घातला नसता तर तीस वर्षांत एक वाटा झाला नसता, मासे वाळूतच कुजले असते.

ओरडलो आणि तसाच उभा राहिलो. दोघं वाट बघतायत, मासे तडफडतायत, आणि मी मनात म्हणतोय, अरे, तो पुस्तकवाला म्हणजे मीच. लोकांनी हात कधी लागला ते सांगितलं, मी वाटा देऊन टाकला आणि घरी आलो. ओल्या पायाने आत गेलो.

“चेडवा,” मी नातीला म्हटलं, “तुझ्या प्रश्नात वर तत्त्व लिवलेला असता मां, ता म्हणजे आजचा जाळा. तेच्या भायर जावचा नाय. दया नाय, शेजार नाय, रापण नाय.”

तिने मोबाईल खाली ठेवला. “म्हणजे पुस्तकवालो बरोबर?”

“पुस्तकवालो गाढव आसा. पण जाळा तेचा आसा.”

मग तिने तोच कौलांचा प्रश्न काढला, वाचला आणि म्हणाली, “नाही. मोबदला मिळणार नाही.”

“बरा वाटला काय तुका ह्या सांगूक?”

“नाय.”

“माका पण नाय. दुसरो वाच.”

त्या दिवसापासून आमची रीत बदलली. मी निवाडा द्यायचं सोडलं. माझं काम तिला जाळ्याबाहेर ओढायचं, तिचं काम आत राहायचं. आणि ओढण्यात मी कसर केली नाही.

“त्या ‘ख’ ची आई आजारी होती,” मी म्हणायचो.

“वस्तुस्थितीत नाय.”

“माका म्हायत आसा, आजारी होती.”

“तुमी साक्षीदार नाय, आजोबा.”

“घरात दाणो नव्हतो तेच्या.”

“तत्त्वात नाय.”

“तुका काळीज आसा की नाय गो?”

“प्रश्नात इचारलेला नाय.”

आतून सून म्हणायची, “दोघांपैकी एकान पाणी भरा, ता प्रश्नात असो नाय तर नसो.”

कधी कधी मी खरोखर चिडायचो. एकदा सुई फेकून उठलो. ती मागून म्हणाली, “आजोबा, चिडलात म्हणजे माझा उत्तर बरोबर.” आणि होतंही बरोबर. रविवारच्या मार्कांत ते दिसायला लागलं. सरांनी पुन्हा फोन केला आणि विचारलं, आता कोण शिकवतं? मुलगा म्हणाला, “तोच माणूस.”

परीक्षा भर उन्हाळ्यात आली. पर्यटकांचा हंगाम, मुलाला बोट सोडून येणं शक्य नव्हतं, तेव्हा मी गेलो. केंद्र कुडाळच्या पुढे एका कॉलेजात. पोरं आत गेली, आम्ही पालक झाडाखाली. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ माझ्याशी बोलायला लागला.

“तुमच्या मुलीने कुठला क्लास लावला होता?”

“रापण,” मी म्हटलं.

“नवीन आहे का? ऑनलाइन?”

“जुना आहे. किनाऱ्यावर असतो.”

त्याने मान डोलावली. नंतर तो मोबाईलमध्ये काहीतरी शोधत बसला होता.

ती बाहेर आली. तोंडावरून काही कळेना. एसटीची वाट बघताना मी विचारलं, “आत ऱ्हवलंस मां?”

“एका प्रश्नात भायर गेलंय.”

“कित्याक?”

“त्यात एक म्हातारो होतो.”

मी एसटीला हात केला.

निकाल चांगला आला. आम्हाला वाटलं, झालं. पण परीक्षा पास होणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं, हे तेव्हा कळलं. दाखले मोबाईलवरून पाठवायचे, कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायची, मग फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीला मुलगा शेजारी बसला आणि त्याने तिला तीनच कॉलेजं भरू दिली, सगळी जवळची. शनिवारी घरी येता येईल अशी. यादी लागली, तिचं नाव कुठेच नव्हतं. मुलाने तोंड पाडलं खरं, पण खांदेही सैल झाले त्याचे. मी बघितलं. लेक लांब जाऊ नये असं बापाला वाटतं, यात पाप नाही.

दुसऱ्या फेरीच्या वेळी बोट वर काढलेली होती आणि तो तिच्या बुडाला रंग देत होता. ती चिखलातून तिथपर्यंत गेली. “बाबा, परत यादी भरूची आसा.”

“भर तुका काय भरूचा ता,” तो म्हणाला. ब्रश थांबवला नाही.

तिने भरली. जवळची तीन ठेवली, पण त्यांच्यावर दुसरी लिहिली. आठवड्याने यादी आली. पुण्याच्या कॉलेजात जागा. चार दिवसांत हजर राहायचं, नाही तर जागा गेली.

“पुण्याक?” मुलगा म्हणाला. “ता जमाचा नाय.”

आम्ही सगळे ओटीवर होतो. बाहेर पाऊस. सून दारात उभी. नात उभीच होती, ती बसली नाही.

“तुमी सांगितलात, जागा गावली तर जा.”

“हयली. जवळची.”

“जवळची म्हणाललात नाय.”

“माझ्या मनात तीच होती.”

“मनातला वाक्यात नाय, बाबा. आणि यादी भरताना मी इचारलंय. तुमी म्हणाललात, भर तुका काय भरूचा ता.”

“माझ्या हातात ब्रश होतो तेव्हा.”

“कान मोकळे होते.”

सूनबाईने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. मुलगा माझ्याकडे वळला. “बाबानू, तुमी सांगा. तुमी तेव्हा जेवताना हयच होतात. माझ्या मनात काय होता, ता तुमका म्हायत आसा. खरा सांगा.”

तीस वर्षं लोकांनी मला हेच म्हटलंय, खरं सांगा. आणि मला खरं माहीत होतं. त्याच्या मनात जवळचंच कॉलेज होतं. जेवताना तो जे बोलला ते लेकीला पुण्याला पाठवायच्या तयारीने बोलला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. माणसाच्या मनात काय होतं ते बघा, नुसता शब्द धरू नका, असंच मी जन्मभर म्हणत आलो. त्यासाठी एका पुस्तकाशी भांडलो. त्या न्यायाने मुलगा जिंकत होता, आणि नात चार दिवसांनी गोव्याच्या गाडीत बसत होती.

“तुझ्या मनात हयला कॉलेज होता, ता माका म्हायत आसा,” मी म्हटलं. “आणि आमच्यासारख्यांचा काम नाय, ह्या पण तुझ्या मनात होता, ता पण माका म्हायत आसा. दोन्ही जाळ्याच्या भायर. तू बोललंस काय, तर जागा गावली तर जा. जागा गावली. ती जातली.”

मुलगा उठून पडवीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, पागोळ्यांखाली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाला, “काय काय कागद लागतत, ते एका पिशवीत घाल. भिजतीत.”

तीस वर्षांत तोंड बघून निवाडा दिला तो एकदाच, आणि स्वतःच्या पोटच्या पोराविरुद्ध दिला. दिला तर दिला. कोणाला विचारायचं असेल त्याने येऊन विचारावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मुलगा तिची पेटी मागे ठेवत होता, तोच तिला पोचवायला जाणार होता. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, त्या दिवशीचो तुमचो निकाल चुकीचो होतो. निवाडो देणारो माझ्याच बाजूचो होतो. बाबांनी अपील केला तर बाबा जिंकतले.”

“करूंदे अपील,” मी म्हटलं. “वकील खंयसून आणतलो तो?”

आम्हाला वाटलं, मुलाला ऐकू गेलं नाही. तो पेटीचा दोर आवळत होता. आवळून झाल्यावर हात झटकत म्हणाला, “पाच वर्षांनी घरातच आसा. थांबतंय मी.”

“थांब,” मी म्हटलं. “मी खंय जाणार नाय.”